सेशन "झालं" ते कळतं, पण कसं झालं? लेकरांच्या मानसिक आरोग्याच्या कामात नव्याने आलेल्या सुपरवायजरसाठी

नवीन सुपरवायजर लागलं की पहिल्याच आठवड्यात एक एक्सेल शीट हातात येते. गाव, शाळा, सेशन नंबर, तारीख, पोरांची संख्या आणि शेवटच्या कॉलममध्ये "झालं" किंवा "नाही झालं". महिनाअखेरीला वरपासून खालपर्यंत "झालं" दिसलं की ऑफिस खूश, पैसे देणारे खूश, आपण पण खूश. मी स्वतः दोन वर्षं ही शीट भरली आणि मनापासून भरली, खोटं एक पण लिहिलं नाही. मग एकदा बीड जिल्ह्यातल्या एका झेडपीच्या शाळेत पावसामुळं अडकले, गाडी निघेना, तर सहज सातवीच्या पोरांना विचारलं की चार सेशन झाले ना रे, काय शिकलात? एक पोरगं उठलं, हात मागं बांधले आणि म्हणालं, "मोठ्यांचं ऐकायचं." बाकीच्यांनी माना हलवल्या. आता आमचा कार्यक्रम होता भावना ओळखायचा आणि अडचण आली तर पर्याय शोधायचा, मोठ्यांचं ऐकायचं हे वाक्य आमच्या मॅन्युअलमध्ये पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठंच नव्हतं. शीटमध्ये मात्र चारही ओळींत "झालं".

तेव्हापासून हे मोजायचं कसं याच्या मागं लागले, चुका लई केल्या, त्यातून जे हाती लागलं ते इथं क्रमानं लिहितेय. तुम्ही झेडपी शाळेत, आश्रमशाळेत, ऊसतोड्यांच्या लेकरांच्या हंगामी वसतिगृहात किंवा लातूर-नांदेडच्या कोचिंगवाल्या पोरांसोबत काम करत असाल आणि तुमच्या हाताखाली सात-आठ ताई-दादा सेशन घेत असतील तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

पहिला प्रश्न, ठरलं होतं तसं झालं का? याला फिडेलिटी म्हणतात. मॅन्युअलमधल्या गोष्टी झाल्या का, किती सेशन झाले, किती वेळ चालले, पोरं किती आली. दुसरा प्रश्न, जे केलं ते किती हुशारीनं, किती मायेनं केलं? हे कौशल्य, म्हणजे कॉम्पिटन्स. ट्रेनिंगमध्ये हे दोन्ही एकाच स्लाईडवर उरकतात आणि फील्डवर आलं की दुसरा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आपल्याकडं हे असं का होतं याचं कारण मला वाटतंय आरोग्य खात्याची सवय. पोलिओचा डोस देताना ताई हसून देऊ द्या नाहीतर चिडून, दोन थेंब तोंडात गेले की काम झालं, बोटाला शाई लावा आणि टिक करा. तिथं टिक बरोबरच आहे. आपल्या कामात मात्र ताईचं बोलणं हेच औषध आहे, ती कशी बघते, किती थांबते, पोरगं रडलं तर काय करते, सगळं औषधातच आलं. ते सोडून फक्त टिक मोजली म्हणजे रिकामी बाटली मोजल्यासारखं.

आणि हे फक्त माझं मत नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सेहेर नावाचा एक मोठा शाळा-कार्यक्रम झाला, त्याचे निकाल २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. कार्यक्रम तोच, काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या समुपदेशकांनी चालवला आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. समुपदेशकवाल्या शाळांत वातावरण सुधारलं, पोरांचं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकवाल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. आता लगेच गुरुजींना नावं ठेवू नका, त्यांच्या डोक्यावर निवडणूक, जनगणना, पोषण आहार सगळं असतं. मुद्दा एवढाच की मॅन्युअल एकच असून निकाल वेगळा येतो, म्हणून देणाऱ्याकडं बघावंच लागतं.

मॅन्युअलमधून गाभा काढा

आता कामाला लागू. मॅन्युअल घ्या, पेन्सिल घ्या आणि एकेका सेशनमध्ये असं काय आहे की जे काढलं तर सेशनमध्ये काही उरतच नाही, त्याच्याखाली रेघ मारा. सगळ्याखाली रेघ मारायची नाही, तो मोह होतो.

उदाहरणार्थ डब्ल्यूएचओचा ईझ नावाचा कार्यक्रम आहे, साधारण दहा ते पंधरा वयाच्या, त्रासात असलेल्या मुलांसाठी, मुलांचे ७ गट-सेशन आणि आईवडिलांचे ३. त्यात भावना ओळखणं, शरीर शांत करायला सावकाश श्वास, मन लागत नसलं तरी छोटी छोटी कामं परत सुरू करणं आणि अडचण सोडवायच्या पायऱ्या असा गाभा आहे. श्वासाचा सराव पोरांनी स्वतः करून बघणं हा गाभा. तो करताना फुगा फुगवायचा की फुलाचा वास घ्यायचा की चहावर फुंकर मारायची, हे वरचं साल. साल बदला खुशाल. आमच्याकडं मूळ गोष्टीत मुलगा समुद्रावर फिरायला जातो, हिंगोलीच्या पोराला समुद्राचं काय, आम्ही त्याला येलदरीच्या धरणावर नेला.

लहान मुलांच्या चिंतेवर काम करणारे फिलिप केंडॉल म्हणून अमेरिकेतले मानसतज्ज्ञ आहेत, त्यांचं म्हणणं हेच की फिडेलिटीच्या आतच लवचिकता असते. फक्त एक करा, जो बदल करायचा तो आधी बसून ठरवा आणि वहीत लिहा. वर्गात उभं राहून सुचलं म्हणून केलेला बदल आणि ठरवून केलेला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याची पण नोंद करा, "बदल केला, काय, कशामुळं". त्याला चूक म्हणून लाल शाई मारू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी सांगणारच नाही.

आणि डोस, म्हणजे लेकराला किती सेशन मिळाले. याला मराठवाड्यात वेगळंच गणित लागतं. सात सेशन आठवड्याला एक धरले आणि सप्टेंबरच्या शेवटी सुरुवात केली तर दिवाळी आली की अर्धा वर्ग गायब, ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, कोयता म्हणजे तोडणारं जोडपं कारखान्याला निघतं आणि लेकरं आईबापासोबत गाडीत. मग शीटवर लिहितात "सात सेशन पूर्ण, सरासरी हजेरी बरी". पूर्ण कोणाचे झाले? जे गेले नाहीत त्यांचे. आणि ज्यांना गरज जास्त तीच गेली. म्हणून हजेरी सेशनवार धरू नका, पोरावार धरा, प्रत्येक लेकराला किती सेशन मिळाले हा आकडा काढा. आणि शक्य असेल तर जूनमध्ये शाळा भरली की लगेच सुरू करा, जुलै-ऑगस्टमध्ये संपवा.

चेकलिस्ट: डोळ्याला दिसेल, कानाला ऐकू येईल तेच

एका सेशनला आठ ते बारा मुद्दे बास. आमची पहिली चेकलिस्ट ३४ मुद्द्यांची होती, ती भरताना ऑब्झर्वर कागदाकडंच बघत बसायची आणि वर्गात काय चाललंय ते तिला माहितीच नसायचं.

मुद्दा लिहिताना वाक्य असं पाहिजे की दोन वेगळ्या माणसांनी ऐकलं तरी उत्तर एकच येईल. "मुलांना संकल्पना समजली" हे बाद. कसं कळणार? त्याऐवजी "निदान तीन मुलांनी स्वतःच्या शब्दात सांगितलं". "मागच्या गृहपाठावर चर्चा झाली" हे पण ढिलं, कारण "केला का रे सगळ्यांनी? होऽऽ" एवढ्यावर पण टिक होते. "गृहपाठ करताना काय अडलं हे निदान दोन मुलांना विचारलं" असं लिहा. आमच्या सध्याच्या यादीतले काही मुद्दे असे:

– मागच्या वेळच्या सरावात काय अडलं ते विचारलं
– आजचा विषय एका-दोन वाक्यात सांगितला
– गोष्ट किंवा चित्र पूर्ण दाखवलं
– सराव मुलांनी स्वतः करून बघितला, नुसता ऐकला नाही
– पर्याय मुलांकडून आले, ताईनं आधी सांगितले नाहीत
– घरी करायचा सराव ठरवला
– शेवटी "कोणाला एकटं बोलायचं असेल तर" हे सांगितलं

प्रत्येकापुढं तीन खाने, झालं, अर्धवट, नाही. आणि चौथा, "इथं लागू नाही", हा विसरू नका.

याच्याच खाली एक छोटी उलटी यादी ठेवा, काय व्हायला नको होतं त्याची. उपदेश केला, पोराला सगळ्यांसमोर उदाहरण म्हणून उभं केलं, "याला डिप्रेशन आहे" असं लेबल लावलं, मारायची धमकी दिली, घरचं गुपित वर्गात उघडं केलं. वरच्या यादीत दहापैकी दहा मिळवून खालच्या यादीत पण दोन टिका असलेली सेशनं मी ऐकलेली आहेत. मोठ्यांचं ऐकायचं हे पोरांच्या डोक्यात गेलं ते तिथूनच, ताई प्रत्येक गोष्ट पूर्ण सांगायची आणि शेवटी बोधपर एक वाक्य स्वतःच्या मनानं जोडायची.

कौशल्याची पट्टी

आता अवघड भाग, आणि मी इथं जरा जास्त वेळ घेणार आहे.

एक रेकॉर्डिंग सांगते, गाव आणि खुणा बदलल्यात. सेशन अडचण सोडवण्याचं. ताई चांगली आहे, आवाज छान, पोरं ऐकतात. "आपल्यासमोर कोणकोणत्या अडचणी असतात?" असं विचारते. कोणी म्हणतं सायकल पंक्चर, कोणी म्हणतं गणित. मग एक बारीक आवाज येतो, "मला दिवाळीनंतर कोपीवर जायचं नाही. तिथं भ्या वाटतंय." कोपी म्हणजे ऊसतोड्यांची फडाजवळची झोपडी. ताई म्हणते, "अगं भ्यायचं काय त्यात, सगळेच जायलेत की. बरं, गणिताची अडचण घेऊ आपण." आणि मग गणिताच्या अडचणीवर सगळ्या पायऱ्या एकदम व्यवस्थित, पर्याय काढले, निवडला, गृहपाठ दिला.

चेकलिस्टवर या सेशनला जवळपास पूर्ण मार्क. आणि त्या एका मिनिटात एका लेकरानं जे सांगितलं ते जमिनीवर पडलं.

यासाठी वेगळी पट्टी लागते. नेपाळमध्ये काम करताना एनॅक्ट नावाचं एक साधन तयार झालं, २०१५ ला त्याचा पेपर आला, डॉक्टर नसलेल्या माणसांचं बोलण्याचं कौशल्य मोजायला. पुढं डब्ल्यूएचओ आणि युनिसेफनं ईक्विप म्हणून प्लॅटफॉर्म केला, २०२२ पासून खुला आहे आणि फुकट आहे, त्यात एनॅक्ट आहे, गटासाठी ग्रुपॲक्ट आहे आणि लेकरांसोबत काम करणाऱ्यांसाठी वीॲक्ट आहे. आपल्या कामाचं वीॲक्ट, १३ कौशल्यं. चेहरा-देहबोली, बोलणं, नातं जुळवणं, समजून घेणं, लेकराचा सहभाग, आईबापांना सोबत घेणं, आणि छळ-दुर्लक्ष-स्वतःला इजा असं काही असेल तर ते सुरक्षितपणे ओळखणं, अशी ती यादी आहे.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मार्क द्यायची पद्धत. प्रत्येक कौशल्याला चार पायऱ्या. १ म्हणजे नुकसान होईल असं वागणं. २ म्हणजे मूलभूत गोष्टी नाहीत किंवा थोड्याच आहेत. ३ म्हणजे मूलभूत सगळ्या आहेत. ४ म्हणजे मूलभूत सगळ्या आणि वर काहीतरी पुढचं. आणि मार्क अंदाजानं नसतात, प्रत्येक पायरीखाली ठरलेल्या वागणुकी लिहिलेल्या असतात, तुम्ही आधी ते वागणं दिसलं का ते टिक करता आणि मग पायरी आपोआप ठरते. नुकसानाच्या यादीतलं एक जरी दिसलं की त्या कौशल्याला १, बाकी कितीही गोड बोलली असेल तरी. वरच्या प्रसंगात लेकराच्या भीतीला हसण्यावारी नेलं, म्हणून १. ताईचा आवाज गोड आहे म्हणून २ द्यायचा नाही. मी पहिल्यांदा २ दिला होता, खोटं कशाला बोलू.

काही संस्था मोठ्या माणसांच्या सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या थेरपीची, पट्टी उचलून आणतात, ११ मुद्दे, प्रत्येकाला ० ते ६, ४० किंवा त्याच्या वर आला की पास. ती प्रशिक्षित थेरपिस्टसाठी आहे. आपल्या बारावी किंवा बीए झालेल्या ताईला ती लावली तर ती नापास होणार, आणि ती नापास झाली यातून तिला काहीच शिकायला मिळणार नाही.

लेकरांसमोर जायच्या आधी रोलप्ले

नवीन माणसाला थेट वर्गात सोडून मग मोजायचं हे मला पटत नाही. आधी रोलप्ले. टीममधला मोठा माणूस लेकरू होतो, दहा-बारा मिनिटं, ठरलेली कथा, आणि कथेत दोन-तीन ठिकाणं मुद्दाम पेरलेली. उदाहरणार्थ पात्र मधेच म्हणणार "हे आईला सांगू नका", नंतर एकदा गप्प बसणार आणि जमिनीकडं बघणार, आणि शेवटी म्हणणार "कधी कधी वाटतं नकोच हे सगळं". ताई यावर काय करते ते बघायचं. प्रत्येकाला तीच कथा मिळते म्हणून तुलना करता येते, वर्गात एकीला शांत पोरं मिळतात आणि एकीला आठवीची 'ब' तुकडी. खरं लेकरू परीक्षेसाठी कधीच वापरायचं नाही, हे लिहायची गरज पडू नये पण पडते.

पात्र करणाऱ्याला आधी दोनदा सराव द्या. आमचा एक दादा एवढा रडला की समोरची ताई पण रडायला लागली आणि मार्क कोणाला द्यायचे तेच कळेना.

पास कधी म्हणायचं? आमचा नियम, कुठंच १ नको, आणि गुप्तता आणि सुरक्षितता या दोन्हींत किमान ३. बाकी ठिकाणी २ असला तरी शाळेत पाठवतो, पण सोबतीनं.

रेकॉर्डिंग, परवानगी आणि पत्र्याची शाळा

प्रत्यक्ष बसून बघणं आणि रेकॉर्डिंग ऐकणं, दोन्ही करा. बसून बघितलं की ताई त्या दिवशी साडी बदलून येते आणि बोलणं पण बदलतं. रेकॉर्डिंगमध्ये चेहरे दिसत नाहीत. ताईनं स्वतःच स्वतःची चेकलिस्ट भरणं हे पण ठेवा, पण त्यावर विसंबू नका, माणूस स्वतःला जरा जास्तच मार्क देतो, हे जगभर दिसलंय. त्याचा उपयोग वेगळा आहे, तिचे मार्क आणि तुमचे मार्क शेजारी ठेवले की कुठं फरक पडतो त्यावर बोलता येतं.

परवानगीचं आधी बघा. १८ खालच्या लेकरांचा आवाज साठवायचा तर आईवडिलांची संमती पाहिजे, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात पण तेच आहे, आणि लेकराला त्याच्या भाषेत विचारणं वेगळं. "आज मी माझं बोलणं रेकॉर्ड करतेय, मला शिकायला. कोणाला नको असेल तर बंद." आणि एक जरी नको म्हणालं तर खरंच बंद करायचं. आईबाप फडात असतील तर फोनवर वाचून दाखवून संमती घ्या आणि साक्षीदाराचं नाव लिहा, शाळेत येऊन अंगठा लावा म्हणून त्यांचा दिवस बुडवू नका. फाईल व्हॉट्सॲपवर फिरवायची नाही. ऑफिसच्या एका फोनवर, पासवर्ड लावून, मार्क झाले की डिलीट आणि डिलीटची तारीख वहीत.

कोणतं सेशन ऐकायचं हे ताईनं ठरवायचं नाही, तुम्ही पण नाही. चिठ्ठ्या टाका. नवीन ताईचे पहिले दोन-तीन सगळे ऐका, नंतर दहातली एक-दोन पुरतात. आणि तीन-चार महिन्यांनी परत ऐका, कारण पहिल्या महिन्यात पाठ केलेलं हळूहळू घसरतं, चांगल्यातल्या चांगल्या माणसाचं पण घसरतं.

बाकी तांत्रिक बाबी किरकोळ आहेत. फोनला क्लिपचा माईक जोडून तो ताईच्या ओढणीला लावा, नुसता फोन टेबलावर ठेवला तर पंखा ऐकू येतो. पत्र्याची शाळा असेल आणि पावसाळा असेल तर देवाचं नाव घ्या.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. रेकॉर्डिंग ऐकताना लेकराच्या सुरक्षेचं काही ऐकू आलं तर तुम्ही त्या क्षणी मार्क देणारे राहत नाही. पेन खाली ठेवा. लैंगिक छळाची शंका जरी असली तरी पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "मी फक्त फिडेलिटी बघत होते" असं म्हणून चालत नाही. १०९८ आणि १४४१६ हे दोन नंबर चेकलिस्टच्या वरच छापून घ्या, पहिला लेकरांसाठीचा, दुसरा टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन. म्हणून रेकॉर्डिंग आठ दिवस साठवून मग ऐकू असं करायचं नाही, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. कोपीवाल्या मुलीचं मी तिसऱ्या दिवशी ऐकलं आणि ते तीन दिवस मला अजून टोचतात. आमची समुपदेशक तिच्याशी जाऊन बोलली. तिथं पहाटे तीन-चारला आईबाप तोडीला निघतात आणि ही अंधारात कोपीत एकटी, सोबत दीड वर्षाचा भाऊ, बाहेर काही खुडबुडलं की त्याला पोटाशी धरून बसायची. दुसरं काही नव्हतं, पण हे काय कमी आहे?

दोघींनी ऐका आणि भांडा

एकटीचे मार्क म्हणजे एकटीचं मत. सुरुवातीला पाच-सहा रेकॉर्डिंग दोघींनी वेगवेगळ्या ऐका, मार्क द्या आणि मग समोरासमोर बसा. इथं "आमचं ८५ टक्के जुळलं" म्हणून खूश व्हायची घाई करू नका, हिशोब दाखवते. समजा होय-नाही असे ४० मुद्दे. ३० ठिकाणी दोघींचं होय, ४ ठिकाणी दोघींचं नाही, ३ ठिकाणी माझं होय तिचं नाही आणि ३ ठिकाणी उलटं. जुळलं ३४, म्हणजे ८५ टक्के. पण दोघी पण ४० पैकी ३३ वेळा होयच म्हणतोय, म्हणजे डोळे झाकून टिका मारल्या असत्या तरी योगायोगानं साधारण ७१ टक्के जुळलंच असतं. तो योगायोग वजा करून जे उरतं त्याला कापा म्हणतात, १९६० साली कोहेन नावाच्या माणसानं काढलेलं. इथं कापा येतो ०.४८, म्हणजे मध्यम. साधारण ०.६१ च्या वर गेला तर चांगलं जुळलं म्हणतात. १ ते ४ वाल्या पट्टीला भारित कापा किंवा आयसीसी अशी जुळणी मोजायची दुसरी मापं वापरतात, ते कोणत्याही स्टॅट शिकलेल्या पोराकडून करून घ्या, पण जुळलं नाही तिथं का नाही जुळलं हे तुम्हालाच बोलावं लागेल. आमचं भांडण कायम "समजून घेणं" या मुद्द्यावर व्हायचं. मला "अरे बापरे" म्हणणं पुरेसं वाटायचं, तिला नाही. शेवटी नियम लिहिला, लेकराची भावना ताईनं शब्दात परत सांगितली तरच टिक.

तज्ज्ञ नाहीत म्हणून हे होणार नाही असं वाटू देऊ नका. गोव्यात संगाथ संस्थेच्या कामात साध्या समुपदेशकांनी एकमेकांच्या टेप ऐकून मार्क दिले आणि ते तज्ज्ञांच्या मार्कांशी बऱ्यापैकी जुळले, २०१४ ला त्यावर लेख आलाय. संभाजीनगरहून मानसोपचारतज्ज्ञ दर महिन्याला हिंगोलीला येणार नाहीत. ताई मात्र ताईची टेप ऐकू शकते.

सांगायचं कसं

दोन-तीन दिवसांच्या आत, एकटीला, समोरासमोर. ग्रुपवर कधीच नाही. आणि मार्क मानधनाला जोडू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण एकदा आमच्याकडं ८० टक्क्यांच्या वर असेल तर बोनस असं वरून ठरलं आणि पुढच्या महिन्यापासून सगळ्यांचं ९० टक्के, आणि रेकॉर्डिंगं मात्र "फोन बंद पडला", "चार्जिंग नव्हतं".

बसल्यावर आधी तिला विचारा की तुला कसं वाटलं. मग एकच तुकडा ऐकवा, मिनिटभराचा. पूर्ण सेशनचं पोस्टमॉर्टेम करायचं नाही. कोपीच्या सेशनवाल्या ताईसोबत मी बसले तेव्हा मी काही बोलायच्या आधी तिनंच मान खाली घातली.

"मॅडम, मला ऐकू आलं होतं तिचं."
"मग?"
"घंटा व्हायला दहाच मिनिटं होती. अन् खरं सांगू का, ती बोलली तर पुढं काय करायचं मला माहिती नव्हतं. मी पण कोपीवरच वाढलेय."

आता याला काय मार्क देणार? मी फॉर्मवर १ लिहिला होता, तो १ च राहिला, तो बदलायचा नसतो. पण त्याच्या शेजारी जे कारण लिहायचं होतं ते पूर्ण बदललं. आधी मी लिहिलं होतं "संवेदनशीलता कमी". ते खोडलं. तिला संवेदनशीलता कमी नव्हती, तिला पुढचं वाक्य माहिती नव्हतं. मग आम्ही दोघींनी पुढचं वाक्य शोधलं. "हे तू बोललीस ते चांगलं केलंस. आत्ता सगळ्यांसमोर नको, सुट्टी झाली की मी थांबते, आपण दोघी बोलू." आणि ते पाच वेळा उलटसुलट रोलप्ले केलं, कधी ती मुलगी, कधी मी.

आकडे कसे वाचायचे

फिडेलिटी आणि कौशल्याची सरासरी काढून एकच टक्का बनवू नका, दोन वेगळे कॉलम ठेवा. फिडेलिटी चांगली आणि कौशल्य कमी असेल तर माणूस मॅन्युअल वाचतोय, त्याला रोलप्ले द्या. कौशल्य चांगलं आणि फिडेलिटी कमी असेल तर माणूस गोड आहे पण कार्यक्रम स्वतःचाच चालवतोय, त्याला मॅन्युअल घेऊन बसवा. अशी माणसं पोरांना फार आवडतात म्हणून त्यांच्याकडं कोणी बघत नाही. दोन्ही कमी असेल तर त्याला काही दिवस वर्गातून बाहेर घ्या आणि सोबतीला ठेवा.

आणि माणूसवार बघायच्या आधी मुद्देवार बघा. आठपैकी सात जणींचा "घरचा सराव ठरवला" हा मुद्दा रिकामा येत असेल तर सातही जणी आळशी नाहीत. आमच्याकडं कळालं की तास ३५ मिनिटांचा आणि सेशन ५० मिनिटांचं, शेवटचा मुद्दा दर वेळी घंटेखाली चिरडायचा. मुख्याध्यापकांशी बोलून शनिवारचा जोडतास घेतला, पुढच्या महिन्यात तो रकाना भरायला लागला. कोणाला एक शब्द पण बोलावा लागला नाही.

दिवाळीच्या आधी त्याच ताईचं अजून एक रेकॉर्डिंग चिठ्ठीत निघालं, दुसरी शाळा, दुसरी पोरं. एक पोरगं म्हणालं, "घरी बाबा पिऊन येत्यात." वर्गात दोघं-तिघं हसले. ताईनं आधी हसणाऱ्यांना हळूच थांबवलं आणि मग काहीच बोलली नाही. मला वाटलं रेकॉर्डिंग बंद पडलं, मी घड्याळ बघितलं, सहा सेकंद. मग ती म्हणाली, "तुला तेव्हा कसं वाटतं रे?" पोरगं बोललं. सुट्टी झाल्यावर थांबायचं पण ठरलं.

"समजून घेणं"ला मी ३ दिला. माझी जोडीदारीण ४ म्हणत होती. पोराला कसं वाटतं ते ताईनं स्वतःच्या शब्दात परत सांगितलं आणि तो एकटा नाही असं पण म्हणाली हे खरं, पण मी तो तुकडा दोनदा मागं घेऊन ऐकला, पुढचं असं म्हणून यादीत जे लिहिलंय त्यातलं मला त्यात काही सापडलं नाही. जोडीदारीण म्हणते ते सहा सेकंदच पुढचं होते. ते अजून आमचं मिटलेलं नाही, सोमवारी परत ऐकणार आहोत.